सोसायटीच्या ग्रुपवर ‘चोर’ ठरवलं, पोलिसांनी नुसती एनसी लिहिली

बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, सोसायटीचे चार वर्षं खजिनदार. एका रात्री ग्रुपवर मेसेज पडला : ‘लिफ्टच्या कामातले साडेतीन लाख कुठे गेले ते खजिनदारांना विचारा. चोर घरातच आहे.’ ते समुपदेशनाला आले तेव्हा या गोष्टीला साडेनऊ महिने झाले होते. जिन्यात कुणी भेटू नये म्हणून दूध आणायला पहाटे साडेपाचला उतरत होते. प्रश्न एकच, आणि तो जवळपास प्रत्येकाचा असतो : पोलीस काही करत नाहीत, म्हणजे कायद्यात काहीच नाही का?

पोलिसांचं इथे चुकलेलं नव्हतं. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून एनसीची (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची) प्रत देऊन ‘कोर्टात जा’ म्हणतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली (1 जुलै 2024 पूर्वीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेचं 499-500) खाजगी फिर्याद द्यावी लागते, आणि तीही ज्याची बदनामी झाली त्यानेच. मॅजिस्ट्रेट फिर्यादीचा शपथेवर जबाब घेतात. दखल घेण्यापूर्वी समोरच्याचंही म्हणणं ऐकावं लागतं, त्यामुळे पहिल्याच तारखेला समन्स निघेल ही अपेक्षा नको. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. फिर्याद द्यायची मुदत 3 वर्षं.

दिवाणी दाव्याला मात्र एकच वर्ष. मेसेज प्रसिद्ध झाला त्या दिवसापासून. लोक ‘आधी फौजदारीचं काय होतं ते बघू’ म्हणत थांबतात आणि नुकसानभरपाईचा हक्क गमावून बसतात. या गृहस्थांच्या हातात अडीच महिने उरले होते.

त्याहून मोठी अडचण पुराव्याची निघाली. त्यांनी त्याच रात्री चार शिव्या घालून उत्तर दिलं, ग्रुप सोडला आणि महिन्याभराने फोन बदलला. उरला तो एक कापलेला स्क्रीनशॉट : वरचा नंबर नाही, तारीख नाही. असला कागद कोर्टात पहिल्या हरकतीला पडतो. सुदैवाने तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या फोनमध्ये मूळ मेसेज होता. तिथून चॅट एक्स्पोर्ट केलं, पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल असे पूर्ण स्क्रीनशॉट काढले. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र शेजाऱ्यानेच द्यायचं, कारण फोन त्याचा. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा-अक्षरांचा कोड) लिहावी लागते आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. फॉरमॅट करायचा, विकायचा विचार असेल तर तो फोन निकाल लागेपर्यंत कपाटात राहू दे.

आरोप खरा आहे हे सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर असतो. तरी लिफ्टची तिन्ही कोटेशनं, कमिटीचा ठराव, दोन सह्यांच्या चेकचा बँक उतारा आणि ऑडिट रिपोर्ट एका फाइलमध्ये लावून घेतले. साक्षीदार म्हणून बायको-मुलगा चालत नाहीत असं नाही, पण वजन पडतं ते मेसेज वाचून ज्याचं मत बदललं अशा परक्या सभासदाचं. ग्रुप अॅडमिनलाही ओढायची त्यांची इच्छा होती. अॅडमिनने स्वतः काही केलेलं नसेल तर दुसऱ्याच्या पोस्टसाठी तो जबाबदार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलं आहे.

मेसेज टाकणाऱ्या सभासदाने सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे चौकशीचा अर्जही दिला होता. तोही दाव्यात घाला, असा त्यांचा आग्रह. तो नाही घालायचा. अधिकार असलेल्या माणसाकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. कमकुवत मुद्दा घुसडला की बळकट मुद्दाही संशयात येतो. तसंच पन्नास लाखांची मागणी. दाव्याच्या रकमेप्रमाणे कोर्ट फी भरावी लागते, आणि फुगवलेला आकडा न्यायाधीशांना नुकसानापेक्षा राग जास्त दाखवतो.

नोटीस कायद्याने सक्तीची नाही, पण बहुतेक प्रकरणं तिथेच वळतात. त्यांच्या नोटिशीत मेसेज जसाच्या तसा, तारीख-वेळेसह, शुद्धलेखनाच्या चुकांसकट उतरवला. ‘तुम्ही आमची बदनामी केली’ एवढं मोघम लिहून भागत नाही. 15 दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने पाठवली, पोचपावती फाइलला लावली. शिव्यांच्या उत्तराबद्दल उलट नोटीस येईल हे आधीच सांगून ठेवलं होतं, ती आलीच. दाव्याचा मसुदा तोवर तयार होता.

बाराव्या दिवशी माफीचा मजकूर आला : ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे.’ हा परत पाठवला. कोणता आरोप, तो खोटा होता आणि मागे घेतो, हे तिन्ही स्पष्ट शब्दांत हवं, त्याच ग्रुपवर हवं आणि सहीच्या कागदावरही हवं. दाव्याची मुदत संपायला 19 दिवस असताना तसा मेसेज पडला. शेजाऱ्याने तोही तारखेसकट एक्स्पोर्ट करून ठेवला.