सरकीच्या ढेपेतल्या ‘गॉसिपॉल’चा गॉसिपशी काही संबंध आहे का?

तुम्ही विचारलंय की, सरकीच्या ढेपेत ‘गॉसिपॉल’ नावाचा विषारी घटक असतो असं पशुवैद्यांनी सांगितलं, तर हे नाव गॉसिपवरून, म्हणजे गावगप्पांवरून पडलंय का?

अजिबात नाही. इंग्रजीतलं गॉसिप ‘गॉडसिब’पासून आलं, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेले धर्माचे आईबाप. गॉसिपॉलचं मूळ आपल्या काळ्या रानातल्या पिकातच आहे. कपाशीचं शास्त्रीय नाव गॉसिपियम. लिनियसनं ते १७५३ मध्ये रूढ केलं, पण शब्द त्याहून कितीतरी जुना. इजिप्तच्या वरच्या भागात एक झुडूप होतं, त्याला काही लोक ‘गॉसिपियॉन’ म्हणतात, अशी नोंद रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकात करून ठेवली आहे.

शेवटचं ‘ऑल’ आलं फिनॉल या रसायनाच्या नावातून. पोलिश रसायनशास्त्रज्ञ मार्खलेव्हस्की यांनी १८९९ मध्ये सरकीतला हा पिवळा पदार्थ तपासला, तो फिनॉलच्या जातीचा निघाला, म्हणून गॉसिपियम आणि फिनॉल जोडून नाव दिलं. थोडक्यात, कपाशीतलं फिनॉल. आता फिनॉलची गोष्ट तर मला फार आवडते. फिनॉल हे बेंझिन या द्रवाच्या कुळातलं. बेंझिन सापडलं ते दिवाबत्तीच्या गॅसमुळे, म्हणून फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लोराँ यांनी प्रकाशणे या ग्रीक शब्दावरून त्याला ‘फेन’ म्हटलं. त्याला अल्कोहोलचं ‘ऑल’ लागलं, आणि अल्कोहोल म्हणजे मूळचं अरबी ‘अल-कुहल’, डोळ्यांत घालायचा सुरमा. निजामाच्या मुलखात वाढलेल्यांना सुरमा काय ते वेगळं सांगायला नको.

हे गॉसिपॉल डोळ्यांनी पाहायचं असेल तर मानवत-सेलूकडच्या एखाद्या जिनिंगवरून मूठभर सरकी आणा. एक बी ब्लेडनं आडवी कापा. पांढुरक्या गरात सुईच्या टोकाएवढे काळपट ठिपके दिसतील. त्या ग्रंथींत ते साठतं. किडीनं खाऊ नये म्हणून झाडानंच केलेली ती तजवीज.

तुमच्या पशुवैद्यांचं म्हणणं मात्र मनावर घ्या. मोठ्या म्हशीच्या पोटात गॉसिपॉल प्रथिनांशी बांधलं जातं, त्यामुळे बेतानं दिलेली ढेप तिला सोसते. रवंथ नीट सुरू न झालेल्या वासराला ते बाधतं, हृदयावर जातं. कोंबड्यांनाही सोसत नाही. वासराला शेंगदाण्याची पेंड द्या, म्हशीची सरकीची ढेप त्याच्या गव्हाणीत टाकू नका.