'उठावशिल्प', 'शिल्पपट' आणि दगडी शवपेटी

एका भाषांतरकाराने विचारले आहे की, रोममधील आरंभीच्या ख्रिस्ती शवपेट्यांवर शुभवर्तमानांतील, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतील, जे प्रसंग कोरलेले आढळतात, त्यांना 'कोरीव चित्रे' म्हणावे, 'उठावशिल्पे' म्हणावे की 'शिल्पपट'.

'कोरीव चित्र' चूक नाही, पण अपुरे आहे, कारण दगडावर नुसती रेघ ओढून काढलेली आकृतीही कोरीव चित्रच ठरते. या शवपेट्यांवर मात्र आकृतीभोवतीचा दगड इतका खोल काढून टाकलेला असतो की ती पार्श्वभूमीतून वर येते, आणि काही ठिकाणी तर डोके व हात जवळजवळ सुटे होतात. 'उठाव' हा शब्द नेमके हेच सांगतो. मालालाही उठाव असतो आणि १८५७ चाही उठावच, परंतु 'शिल्प' जोडले की घोटाळा उरत नाही. 'उत्थित शिल्प' हा पर्याय अचूक असला तरी कोशाबाहेर जड वाटतो.

'शिल्पपट' मी टाळेन. वेरूळच्या कैलास लेण्यातील रामायणाला तो शब्द शोभतो, कारण तेथे कथा ओळीओळीने पुढे सरकते. युनियस बासस या रोमच्या नगरप्रमुखाची संगमरवरी शवपेटी पाहा. तो इ. स. ३५९ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, नुकताच बाप्तिस्मा घेतलेला असताना वारला. पेटीच्या दर्शनी बाजूवर दोन ओळींत दहा कोनाडे आहेत. येशू गाढवावर बसून यरुशलेमेत येतो तो प्रसंग खालच्या ओळीत मधोमध आहे, तर त्यानंतर घडलेली रोमन सुभेदार पिलातापुढची चौकशी वरच्या ओळीत, तीही दोन कोनाड्यांत विभागलेली: एकात शिपायांमध्ये उभा येशू, शेजारच्यात हनुवटीला हात लावून, नजर दुसरीकडे वळवून बसलेला पिलात आणि हात धुण्याच्या पाण्याचे भांडे घेतलेला सेवक. आजूबाजूला अब्राहामाचा यज्ञ, ईयोब, दानीएल हे बायबलच्या जुन्या करारातले, आणि प्रेषित पौलाची अटक, जी शुभवर्तमानांत नाहीच. येथे कथाक्रम नाही, निवडक प्रसंग शेजारी मांडलेले आहेत. 'पट' म्हटले की वाचक नसलेला क्रम शोधू लागेल. खालच्या ओळीच्या कमानींमधल्या चिंचोळ्या जागेत तर मेलेल्या लाजराला उठवणारा येशू चक्क कोकराच्या रूपात, काठीसह कोरला आहे. वधस्तंभाचे दृश्य मात्र कुठेच नाही. त्या काळी ते क्वचितच कोरले जाई.

राहता राहिला 'सार्कोफॅगस', म्हणजे अशा शवपेटीचे इंग्रजी नाव. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'मांस खाणारा' असा आहे. आशिया मायनरमधल्या आस्सोस येथील एका दगडात ठेवलेले प्रेत चाळीस दिवसांत नाहीसे होते, असे प्लिनी या रोमन लेखकाने लिहिले आहे. हा अर्थ मराठीत आणण्याचा अट्टहास नको. परंतु नुसते 'शवपेटी' म्हटले तर आपल्या डोळ्यांपुढे पुरायची लाकडी पेटी येते, म्हणून निदान पहिल्या उल्लेखात 'दगडी शवपेटी' लिहावे. आपले वाक्य मग असे होईल: 'या दगडी शवपेटीवर शुभवर्तमानांतील काही प्रसंगांची उठावशिल्पे आहेत.' त्यातला 'काही' गाळू नये.