पहिली स्पॉन्सरशिप घेण्याआधी

अरे, १,००० सबस्क्रायबर आणि ४,००० तास वॉचटाइम झाला, मनापासून अभिनंदन! आता यूट्यूबच्या जाहिरातींचे पैसे सुरू होतील. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींचे ५५ टक्के तुझे. आठ मिनिटांच्या पुढे गेलं की मधेही जाहिरात टाकता येते, म्हणून पाच मिनिटांचा विषय ताणायचा मोह होईल. ताणू नकोस, बघणाऱ्याला ते लगेच कळतं.

खरी परीक्षा स्पॉन्सरची. माझ्या चॅनलवर आई पाट्यावर कांदा-लसूण मसाला वाटायची. दगडाचा तो आवाज ऐकायला लोक यायचे. एका मसाला कंपनीने चांगले पैसे देऊ केले. करारात बारीक अक्षरात होतं: पहिल्या तीस सेकंदांत पाकीट दिसलं पाहिजे, स्क्रिप्ट आधी मंजूर करून घ्यायची. मी सही केली. पाटा फ्रेमबाहेर गेला. तिसऱ्या व्हिडिओला आई म्हणाली, "मी काय बोलायचं ते तूच लिहून दे." फार लागलं ते मला.

म्हणून सांगतो, करार पूर्ण वाच. किती वेळा बदल करून द्यायचे, दुसऱ्या ब्रँडबरोबर काम करायला किती महिने बंदी, व्हिडिओ त्यांना त्यांच्या जाहिरातीत वापरता येईल का, हे लेखी घे. निम्मे पैसे आधी माग. पैसे घेतलेत तर व्हिडिओत स्पष्ट सांग. तो नियमच आहे. आणि महिन्यातला एक व्हिडिओ कुणालाही न विकता, फक्त तुला करावासा वाटतो म्हणून कर.