एम-प्रोटीन पुन्हा वाढलंय, आता?

प्रश्न : बाबांचा मायलोमा (रक्ताचा एक कॅन्सर) आटोक्यात होता. आता एम-प्रोटीन (या कॅन्सरच्या पेशी बनवतात ते प्रथिन) किंचित वाढलंय, त्रास काहीच नाही. लगेच केमो लागेल का? – एक वाचक, भांडुप

उत्तर : लागेलच असं नाही. हा आजार दबतो, पण बहुधा पुन्हा डोकं वर काढतो. आम्ही आकडा किती वेगाने चढतोय ते बघतो. सोबत हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारा आकडा) आणि हाडं. तपासणी एकाच लॅबमध्ये करा. यंदा दादर, पुढच्या वेळी भांडुप, असं केलंत तर तुलनाच जमत नाही. गरज पडली तर औषधं बदलता येतात.

कंबर दुखली की केमिस्टकडून डायक्लोफिनॅक हे दुखणं थांबवणारं औषध आणायची आपल्याकडे भारी हौस! मायलोमात त्याने मूत्रपिंडं बिघडू शकतात. आणि पाय अचानक बधिर किंवा लुळे पडले, तर ओपीडीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी इमर्जन्सी गाठा.