पुण्याहून दापोलीला गेलो होतो. मुरुडला बोटीतून दिसलेले डॉल्फिन खरंच दुर्मीळ आहेत का? किनाऱ्याच्या इतके जवळ कसे?

हो, दुर्मीळच. कोकण किनाऱ्याजवळ सहसा दिसतो तो हिंद महासागरी कुबड्या डॉल्फिन. निसर्गसंवर्धनाची जागतिक संघटना आययूसीएन, तिच्या यादीत तो 'संकटग्रस्त' आहे, तर 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंगतीत.

आम्ही कोथरूडकर पहाटे ताम्हिणीतून निघतो ते उड्या बघायला, पण हा तसा भिडस्त प्राणी. आधी 'फूस्स' असा श्वास ऐकू येतो, मग राखाडी पाठ वर येते आणि तिच्यावरचं लांबट कुबड. त्या कुबडावरच छोटासा पर. तो दिसला की ओळख पटली.

जवळ दिसतो कारण त्याचं सगळं आयुष्यच उथळ पाण्यात जातं. खाड्यांच्या तोंडाशी मासळी मिळते, म्हणून तो तिथेच घुटमळतो. घात होतो तोही इथेच: मासेमारीची जाळी, बंदरं, सांडपाणी, सगळं याच पट्ट्यात. जाळ्यात अडकला की श्वासाला वर येता येत नाही आणि गुदमरतो. त्यात मादीला एका वेळी एकच पिल्लू, तेही जवळपास वर्षभराच्या गर्भारपणानंतर.

पुढच्या वेळी नावाड्याला एवढंच सांगा, "दादा, मागे लागू नका, इंजिन बंद करून थांबू." कधी कधी डॉल्फिनच आपणहून जवळ येतात.