वाचकांचे प्रश्न : रेग्युलेटरचा व्होल्टेज जागेवर का राहत नाही?

प्रश्न : राउटरसाठी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी ठेवली आहे. तिला एलएम३१७ (व्होल्टेज हवा तसा लावता येणारी रेग्युलेटर चिप) वापरून चार्जर केला. आर१ (चिपच्या आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पायांमधला रेझिस्टर) म्हणून १ किलोओहम आणि आर२ (अ‍ॅडजस्ट पाय ते निगेटिव्ह) म्हणून १० किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, हे दोन्ही बॅटरीजवळच्या डबीत आहेत. चिप फार तापते म्हणून हीटसिंकसह दीड मीटर लांब बसवली, मधे ०.५ चौरस मिलिमीटरची वायर आहे. १०० मिलिअँपिअरवर १३.८ व्होल्ट लावले, की १ अँपिअरला बॅटरीच्या टोकांवर १३.३ मिळतात आणि बॅटरी काढली की आकडा १४ च्याही वर चढतो. चिप बदलली तरी तेच. (वर्धा)

उत्तर : तुमच्या दोन्ही चिपा बहुधा चांगल्या आहेत. एलएम३१७ एकच काम करते : आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या स्वतःच्या दोन पायांमध्ये १.२५ व्होल्ट राखते. पुढचे सगळे रेझिस्टर आणि वायरी ठरवतात. चूक तिथे आहे, तीही एक नाही.

आधी १ अँपिअरला होणारी घसरण पाहू. दीड मीटर लांब, ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०५ ओहम. १ अँपिअरला तिच्यात ०.०५ व्होल्ट पडतात, म्हणजे फारसे काही नाही. पण तुमच्या आर१ चे वरचे टोक तारेच्या लांबच्या टोकाला आहे. त्यामुळे आर१ वर १.२५ ऐवजी १.२० व्होल्टच उरतात आणि ही तूट (आर२ भागिले आर१) अधिक एक, म्हणजे तुमच्याकडे साडेदहा पटींनी मोठी होऊन आउटपुटला दिसते. तुमचा अर्धा व्होल्ट तिथे गेला. आर१ चे टोक चिपच्या आउटपुट पायालाच, शक्य तितके जवळ सोल्डर करा. मग तारेत ०.०५ पडले तरी तेवढेच पडतील, त्यांचा गुणाकार होणार नाही. आर२ चे खालचे टोक मात्र वेगळ्या बारीक वायरने थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या, म्हणजे निगेटिव्ह तारेतली घट भरून निघते. ही बारीक वायर तुटली तर आउटपुट इनपुटच्या जवळपास चढेल. म्हणून आर२ चे तेच टोक आणि चार्जरची निगेटिव्ह यांमध्ये १० ओहमचा रेझिस्टर जोडून ठेवा. वायर तुटली तरी आउटपुट फक्त ०.१ व्होल्टने वाढेल.

बॅटरी काढल्यावर चढणारा आकडा वेगळ्या कारणाने चढतो. एलएम३१७ ला ताबा ठेवायला स्वतःतून थोडा करंट वाहता लागतो : साधारण ३.५ मिलिअँपिअर, वाईटात वाईट १०. १ किलोओहमच्या आर१ मधून जेमतेम १.२५ वाहतात. पुस्तकांतल्या सर्किटांत आर१ २४० ओहम दिसतो, तो एलएम११७ या तिच्याच घराण्यातल्या चिपच्या हिशेबाने (तिची मर्यादा ५ मिलिअँपिअर). एलएम३१७ ला १२० ओहमच घ्या.

त्यात आणखी एक फायदा आहे. अ‍ॅडजस्ट पायातून ५० मायक्रोअँपिअर बाहेर येतात, जास्तीत जास्त १००. तुमच्या साडेनऊ किलोओहमच्या आर२ वर त्यांचे जवळपास अर्धा व्होल्ट होतात आणि प्रत्येक चिपला तो आकडा वेगळा. आर१ १२० ओहम केला की आर२ १.२ किलोओहम पुरतो, या करंटचा वाटा ०.०६ व्होल्टवर येतो, आणि उत्तर येते १३.८१.

पण कागदावरचे १३.८१ हातात मिळतीलच असे नाही, कारण चिपचे १.२५ हे १.२० ते १.३० मध्ये कुठेही असू शकतात. आउटपुटला तेच सव्वातेरा ते १४.३६ होते. म्हणून आर२ म्हणजे १.१ किलोओहमचा एक टक्क्याचा, अर्ध्या वॉटचा मेटल फिल्म रेझिस्टर आणि सिरीजमध्ये २०० ओहमचा मल्टिटर्न प्रीसेट (अनेक फेऱ्यांत बारीक फिरवता येणारा छोटा पॉट). प्रीसेटचा मधला पाय एका टोकाला जोडून टाका. आतला सरकता संपर्क सुटला तरी मग व्होल्टेज १४.९ च्या आसपास थांबतो. तुमच्या पॉटची अशी जोडणी नसेल आणि संपर्क सुटला, तर जवळपास अख्खा इनपुट व्होल्टेज बॅटरीवर गेला असता, आणि ती फुगली असती.

वर्ध्याचा उन्हाळाही हिशेबात घ्या. १३.८ हा आकडा २५ अंशांचा आहे. अशा बॅटरीला दर अंशामागे सुमारे १८ मिलिव्होल्ट कमी द्यावेत. खोली ४२ अंशांवर असेल तर १३.५. मे महिन्यात प्रीसेट थोडा फिरवलात तर बॅटरीचे आयुष्य खरोखर वाढेल. आणि वीज गेल्यावर हे रेझिस्टर बॅटरीतून १० मिलिअँपिअर खातात, दिवसाला पाव अँपिअर-अवर. लांब गावाला जाताना बॅटरी सोडवून ठेवा.

प्रश्न : आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर लावला आहे. त्याच खोलीत लॅपटॉपच्या यूएसबीवर २९.८ अंश दिसतात, माझ्या ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटर चिपच्या सप्लायवर ३०.३. ७८०५ मीटरवर ४.९ दाखवतो. तो खराब आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. ७८०५ ला ४.८ ते ५.२ ची मुभा दिलेलीच असते. चूक त्याला मोजपट्टी समजण्यात आहे. उनो डीफॉल्टला सप्लायचेच १०२४ भाग करते. तुमचा प्रोग्राम ५.०० धरतो आणि सप्लाय आहे ४.९, म्हणजे दोन टक्क्यांची चूक. शिवाय एक भाग ४.८८ मिलिव्होल्टचा, आणि एलएम३५ देतो अंशाला १० मिलिव्होल्ट. त्यामुळे आकडा अर्ध्या अर्ध्या अंशाने उडतो.

प्रोग्राममध्ये रेफरन्स (बोर्ड ज्याच्याशी तुलना करून मोजतो तो व्होल्टेज) ‘इंटर्नल’ करा. तो १.१ व्होल्टचा आहे. प्रत्येक चिपला १.० ते १.२ मध्ये कुठेही असतो, पण जिथे असतो तिथे चांगला टिकतो. प्रोग्राम चालू असताना एआरईएफ या रेफरन्सच्या पायावर मीटर लावा, जो आकडा येईल तोच गणितात टाका. आता पायरी साधारण ०.१ अंशाची होईल. ‘डीफॉल्ट’ निवडलेले असताना त्या पायाला बाहेरून व्होल्टेज देऊ नका, आत शॉर्ट होतो.

७८०५ च्या ग्राउंड पायात डायोड घालून व्होल्टेज वर ओढायचा सल्ला सर्रास मिळतो. अचूकतेसाठी तो मानू नका. त्या पायातला करंट लोड आणि इनपुटप्रमाणे हलतो, तापमानाने डायोडचा व्होल्टेजही सरकतो.

प्रश्न : ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचे डीसी करणारा डायोडचा ब्रिज, २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८०५, लोड ०.७ अँपिअर. शेतीपंपांची वीज सुरू झाली की लाइन १८५ व्होल्टवर येते आणि सर्किट रीसेट होत राहते. इनपुटला मीटर ७ व्होल्ट दाखवतो, मग ७८०५ ला पुरायला नको का? (नेवासा)

उत्तर : मीटर सरासरी दाखवतो, आणि ७८०५ दरीत बुडतो. १८५ ला ट्रान्सफॉर्मर ७.२ व्होल्ट देतो. त्याचे शिखर १०.२, ब्रिजचे दोन डायोड १.८ खातात, उरतात ८.४. दर १० मिलिसेकंदांच्या मधल्या काळात कपॅसिटर एकटा लोड ओढतो : ०.७ गुणिले ०.०१ भागिले ०.००२२, म्हणजे ३.२ व्होल्टची घसरण. प्रत्यक्षात थोडी कमी, पण तळ साडेपाच-सहाच्या आसपास. ७८०५ ला हवेत ७. सेकंदाला १०० वेळा तो ताबा सोडतो.

१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावायचा मोह होईल. पण लाइन २५० ला गेली की चिपवर सात वॉटच्या वर उष्णता येईल आणि ती तापून बंद पडेल. त्यापेक्षा कपॅसिटर ४७०० करा (२५ व्होल्टचा) आणि ७८०५ काढून त्याच पायांच्या जागी एलएम२९४० ची ५ व्होल्टची चिप घाला. तिला इनपुट अर्धा व्होल्ट जास्त असले तरी चालते. ४७०० ने तळ ६.९ च्या आसपास येतो. आउटपुटला किमान २२ मायक्रोफॅरडचा टँटलम किंवा चांगला इलेक्ट्रोलिटिक चिपच्या पायांजवळ हवाच. नुसता सिरॅमिक नको : त्याचा आतला रोध इतका कमी असतो की ही चिप ऑसिलेट होते, म्हणजे आउटपुट आपोआप वरखाली हलत राहते, आणि मीटरवर विचित्र, न पटणारा आकडा येतो.

प्रश्न : दोन मीटरवर १३.७ आणि १३.९ येतात. कोणता खरा? (फोंडा, गोवा)

उत्तर : स्वस्त मीटरची हमी बहुधा अर्धा टक्का अधिक शेवटचे दोन अंक. २० व्होल्टच्या रेंजवर १३.८ ला ती चूक ०.०९ भरते, म्हणजे दोन्ही जवळपास आपापल्या हद्दीत आहेत. मात्र आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की असे मीटर जास्त आकडा दाखवू लागतात. १३.९ वाल्याची बॅटरी बदलून पुन्हा मोजा.