वन बीएचकेच्या दारातला चपला-छत्र्यांचा पसारा कमी खर्चात कसा आवरावा?

तुम्ही लिहिलंय की घर भाड्याचं, माणसं चार, दार उघडलं की आधी चपलांचा ढीग दिसतो आणि हजाराच्या वर खर्च करायचा नाही. आमचंही अगदी हेच होतं. डोंबिवलीत सात मजली इमारतीत आम्ही चौघं राहतो: मी, नवरा, सासूबाई आणि पाचवीतला मुलगा. दाराच्या आतली जागा म्हणाल तर जेमतेम साडेतीन बाय चार फूट.

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. मी हौसेनं बंद दारांचं शू-कपाट ऑनलाइन मागवलं, ४,२०० रुपयांना. उन्हाळ्यात झकास दिसत होतं. जुलै उजाडला आणि ओल्या चपलांचं पाणी पिऊन त्याची खालची फळी फुगली, दार लागेना. पार्टिकल बोर्ड म्हणजे शेवटी दाबलेला भुसाच. एका सोमवारी सकाळी मुलाचे शाळेचे काळे बूट काढले तर त्यांच्यावर पावडर मारल्यासारखी पांढरी बुरशी! पुढच्या वर्षी ते कपाट भंगारवाल्याला दिलं, तेही त्यानं उपकार केल्यासारखं नेलं. आपल्याकडच्या पावसाळ्यात चपलांना वारा लागलाच पाहिजे. बंद कपाट नको.

म्हणून काही विकत घेण्याआधी एक करा. दारातले सगळे जोड जमिनीवर मांडा आणि मोजा. आमच्याकडे चार माणसांचे २३ जोड निघाले. त्यातले रोज पायात जाणारे फक्त सात! लग्नाकार्याचे सँडल, ट्रेकचे बूट, लहान झालेले बूट यांचं दारात काय काम? काही देऊन टाकले, उरलेले वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकले. आता माणशी दोन जोड दारात, तिसरा आला की एक वर जातो. या नियमावरून घरात दोनदा भांडण झालंय, पण टिकलाय. आठ जोडांना तीन कप्प्यांचा उघडा लोखंडी स्टँड पुरतो. मला स्टेशनजवळच्या दुकानात ६५० ला मिळाला. घेताना स्टँड किती खोल आहे ते बघा. मोठ्या माणसाचा बूट अकरा-बारा इंच लांब असतो, पण तिरक्या कप्प्यांचा स्टँड असेल तर दहा इंचांत भागतं. आणि घरी आणण्याआधी दार पूर्ण उघडून ते जिथून फिरतं तिथं जमिनीवर खडूनं रेघ मारा. त्या रेघेच्या आत काहीही ठेवलंत तरी रोज लाथ बसणार.

स्टँड बाहेर पॅसेजमध्ये ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो. ठेवू नका. सेक्रेटरी ओरडतात म्हणून नाही. जिन्यात धूर भरला की अंधारात पळणारा माणूस त्याच स्टँडला अडखळतो.

छत्र्यांसाठी काही विकत घेऊ नका. रंगकामातून उरलेली दहा लिटरची बादली घासून घ्या आणि तळाला विटांचे तुकडे टाका, म्हणजे छत्रीचं टोक पाण्यात बुडून गंजत नाही. मात्र ते पाणी रोज ओता. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

किल्ल्यांचं उत्तर आमच्या स्वयंपाकघरातच सापडलं. सासूबाईंच्या जुन्या पोळपाटाचा एक पाय मोडला होता आणि टाकून द्यायला त्यांचा जीव होत नव्हता. उरलेले दोन पाय कापून त्याला पितळी हुक लावले आणि दाराशेजारी टांगला. घराची, गाडीची आणि टेरेसची किल्ली, तिघींची जागा ठरलेली. मुलाच्या दप्तरासाठी हुक त्याच्या खांद्याच्या उंचीला लावलाय. आधी मी तो माझ्या उंचीनं लावला होता, तेव्हा दप्तर महिनाभर जमिनीवरच पडायचं. वर दोष त्याला द्यायचे मी.

तुमचं घर भाड्याचं, तेव्हा भिंतीला ड्रिल मारण्याआधी मालकांना विचारा. नाही म्हणाले तर सेफ्टी डोअरच्या जाळीला आतून एस आकाराचे हुक अडकवा. पिशव्या, रेनकोट, मास्क, सगळं लटकतं आणि घर सोडताना हुक सोबत येतात. चिकटवायचे हुक पावसाळ्यात गळून पडतात, निदान आमच्या डिस्टेंपरच्या भिंतीवरून तरी पडले, पोपड्यांसकट.

घरात वयस्कर कुणी असेल तर सगळ्यात आधी बसायला एक स्टूल ठेवा, बाकीचं नंतर. सासूबाई एका हातानं दाराची चौकट धरून, एका पायावर उभ्या राहून चपलेचा बंद लावायच्या. मी ते कितीतरी वर्षं बघत होते आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही. आता गुडघ्याच्या उंचीचं घरातलंच जुनं स्टूल तिथं आहे, त्याच्याखाली नवऱ्याचं हेल्मेट.

हिशेब असा: स्टँड ६५०, हुक १२०, ट्यूब बदलायला आलेल्या इलेक्ट्रिशियनकडून मारून घेतलेली भोकं १०० आणि कोपऱ्यातला एलईडी बल्ब ८०. एकूण ९५० रुपये.

गणपतीत मात्र हे सगळं कोलमडतं. दीड दिवसात तीस-चाळीस माणसं येतात, त्यांच्या चपला कुठल्या स्टँडात मावणार? तेव्हा पॅसेजच्या एका कडेला जुनी ताडपत्री अंथरते, जिन्याची वाट सोडून. सेक्रेटरी काही बोलत नाहीत, कारण त्यांच्याही चपला तिथंच असतात.